वाऱ्याच्या भरवशावर

मांडवगण फराट्याच्या नदीकडच्या शिवारात हरिबा कोळप्याचा ऊस तुटून गेला होता आणि रानात पाचट पडलं होतं. मार्चच्या उन्हानं ते इतकं वाळलं होतं की नुसतं चाललं तरी चुरचुर वाजायचं. दुसऱ्या दिवशी हरिबाची पाण्याची पाळी होती. त्याच्या आत पाचट जाळून रान मोकळं करायचं आणि खोडव्याला, म्हणजे तुटल्या बुडख्यांतून फुटणाऱ्या उसाला, पाणी सोडायचं, असा त्याचा बेत होता. पाचट जाळू नका, कुजवा, असं कृषी सहायक दर वर्षी सांगून जायचा. हरिबा मान हलवायचा आणि दर वर्षी जाळायचा.

हरिबाच्या वडलांपर्यंत घरात मेंढरं होती. हरिबानं ती काढली, भीमेवरून पाइपलाइन आणली आणि ऊस लावला. आता साठी उलटली होती, तरी रानातली कामं तो दुसऱ्यावर सोडत नसे.

शेजारचं रान त्याच्या पुतण्याचं, बिरदेवचं. बिरदेवच्या उसात त्या दिवशी हार्वेस्टर चालू होता. अर्धा ऊस तुटला होता, अर्धा उभा होता. सकाळी अकराच्या सुमाराला मशीनचं डिझेल संपत आलं, म्हणून बिरदेवनं फोन करून बाउजर बोलावला. बाउजर म्हणजे डिझेलची टाकी आणि पंप बसवलेली छोटी गाडी. ती वावरापर्यंत येऊन मशीनला डिझेल भरते. हरिबानं बांधावरून ती पिवळी गाडी बिरदेवच्या रानात शिरताना पाहिली. मशीनच्या शेजारी ती थांबली, ड्रायव्हर खाली उतरला, त्यानं लाल रंगाचा आग विझवायचा सिलिंडर काढून जमिनीवर ठेवला, तेही हरिबानं पाहिलं.

हातात काडीपेटी होती. थांबावं का, असं एकदा मनात येऊन गेलं. पण वारा नदीकडं होता. जाळ पाण्याकडं जाईल, बिरदेवच्या रानाकडं यायचं कारणच नाही. आणि डिझेल भरायला लागतो असा किती वेळ. हरिबानं बांधाच्या कडेला काडी लावली.

पाचटानं भडका घेतला आणि जाळ नदीच्या दिशेनं पळत सुटला. हरिबा खालच्या कोपऱ्यातली ठिबकची नळी गुंडाळायची राहिली होती, ती ओढायला गेला. तो वाकला असतानाच वारा पडला. क्षणभर सगळं गप्प झालं. मग पाठीवर गरम झोत आला. त्यानं वळून पाहिलं तर बांधावरचं गवत पेटलं होतं आणि जाळ बांध ओलांडून बिरदेवच्या पाचटात शिरला होता.

तिकडं ड्रायव्हर मशीनच्या टाकीत नोझल धरून उभा होता. त्याची पाठ जाळाकडं होती. पंपाच्या आवाजात त्याला काही ऐकू येत नव्हतं. हार्वेस्टरचा ऑपरेटर ज्ञानू केबिनमध्ये बसून भाकरी सोडत होता. त्यानं मान वर केली आणि तो ओरडला. ड्रायव्हरनं वळून पाहिलं तेव्हा गाडी ज्या वाटेनं आत आली होती ती वाट पेटलेली होती.

ज्ञानूनं उडी मारली आणि तो उभ्या उसाच्या कडेनं पळाला. ड्रायव्हरलाही पळता आलं असतं. पण उभ्या उसाच्या पलीकडं बिरदेवची वस्ती होती. घर, गोठा, दावणीला बांधलेल्या गाई. डिझेलनं भरलेली गाडी तिथं सोडली आणि टाकी तापली तर काय होईल, ते त्याच्याइतकं तिथं कुणाला माहीत नव्हतं. त्यानं पंप बंद केला, नोझल ओढून काढलं. घाईत नोझलमधलं डिझेल त्याच्या पँटवर सांडलं. त्यानं अर्थिंगची वायर हिसकली, पाइप तसाच फरफटत ठेवून तो गाडीत चढला आणि जाळाच्या कडेनं, धुरातून, गाडी कालव्याच्या चारीच्या रस्त्याकडं काढली.

गाडी चारीवर येऊन थांबली. दार उघडलं आणि ड्रायव्हर पेटलेल्या कपड्यांनिशी खाली पडला.

हरिबा तोवर पळत तिथं पोचला होता. त्याची राखणीची घोंगडी चारीकडच्या बांधावर पडलेली असायची. ती त्यानं येता येता उचलली होती. चारीच्या पाण्यात बुडवून त्यानं ती त्या माणसावर टाकली आणि स्वतः त्याच्यावर आडवा पडला. खालचा माणूस ओरडत होता. हरिबाला चटके बसत होते, पण तो उठला नाही. मग बिरदेव आला, वस्तीवरची माणसं आली, पाण्याच्या घागरी आल्या.

हार्वेस्टर जळून गेला. बिरदेवचा उभा ऊस जळाला. बाउजरला काही झालं नाही. वस्तीलाही नाही.

ड्रायव्हरचं नाव शाहनवाज. नदीपलीकडचा, दौंड तालुक्यातल्या राहूचा. त्याला आधी न्हावऱ्याला आणि तिथून पुण्याच्या हॉस्पिटलात नेलं. दोन्ही पाय आणि उजवा हात भाजला होता.

संध्याकाळी चौकीचा हवालदार पंचनाम्याला आला. बिरदेवचं मशीन भाड्याचं होतं, मालकाचे फोनावर फोन येत होते, तो वैतागला होता.

"गाडीच्या सायलेन्सरची ठिणगी, दुसरं काय," बिरदेव म्हणाला. "वाळल्या पाचटातनं गाडी आत आली. ती आली त्याच वाटंवर जाळ लागला. ज्ञानूनं बघितलंय."

"तुम्ही काय बघितलं, आबा?" हवालदारानं हरिबाला विचारलं.

हरिबाच्या दोन्ही तळहातांना मलम लावून फडकी गुंडाळली होती. तो त्या फडक्यांकडं बघत म्हणाला, "धूर दिसला. पळत आलो."

"तुमचं बी पाचट जळालं म्हणा की."

"जळालं."

हवालदारानं लिहून घेतलं. तो विचारत होता तेवढ्यातच सांगायचं होतं. पण माणूस अजून जगतो का मरतो तेच माहीत नव्हतं, आणि हरिबानं स्वतःला सांगितलं, आधी तो वाचू दे, मग सांगू. चार दिवसांनी वाचला असं कळलं. मग वाटलं, शुद्धीवर येऊ दे. तो शुद्धीवरही आला. तोवर गावातली माणसं त्या आगीबद्दल बोलायची कमी झाली होती, आणि जे बोलत होते ते हरिबाच्या घोंगडीबद्दल बोलत होते. पारावर तो गेला की कुणीतरी उठून जागा द्यायचं. यात्रेत शाल-नारळ देऊन सत्कार करू, असं सरपंच म्हणाले. हरिबा म्हणाला, "मला नगं." लोकांना तेही आवडलं. म्हातारा मोठेपणा घेत नाही, म्हणाले.

घरात गिताबाईला सगळं माहीत होतं. आगीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना ती म्हणाली होती, "तुमची काडीपेटी चारीपाशी सापडली. चुलीपाशी ठेवलीय."

एवढंच. पण त्यानंतर ती त्याच्या ताटाशी बसायची बंद झाली. भाकरी वाढायची आणि उठून बाहेर जायची.

महिन्याभरानं बिरदेवच्या फोनवर राहूवरून फोन आला. शाहनवाजला घरी आणलं होतं. त्याची बायको बानू बोलत होती. हे रोज विचारतात, आबांना एकदा भेटायचंय म्हणतात, येता का.

"जा की आबा," बिरदेव म्हणाला. "मी सोडतो गाडीवर. मला मात्र आत यायला सांगू नका. माझं मशीनवाल्याशी रोज भांडण चाललंय त्याच्यापायी."

पारगावच्या पुलावरून ते पलीकडं गेले. राहूत मशिदीच्या मागच्या गल्लीत शाहनवाजचं दोन खोल्यांचं घर होतं. बिरदेव चौकातच चहाच्या टपरीवर थांबला. हरिबा दारात उभा राहिला तर बानू आतून आली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि वाकून त्याच्या पायाला हात लावला. हरिबा मागं सरकला.

"ए पोरी, नगं."

"आबा, तुम्ही नसता तर माझं घर राहिलं नसतं," ती म्हणाली. मग आत वळून तिनं आवाज दिला, "देखो, कौन आए."

शाहनवाज कॉटवर बसला होता. तिशीतला माणूस, पण चेहरा सुकून गेला होता. पायांना पट्ट्या होत्या. उजव्या हाताची बोटं आखडून वाकडी झाली होती, गुलाबी कातडी ताणल्यासारखी दिसत होती. हरिबाला बघून तो उठायला लागला.

"बस, बस," हरिबा म्हणाला आणि त्याच्यासमोरच्या खुर्चीवर टेकला.

बानूनं शिरा केला होता. चहाही आला. शाहनवाजला कप धरता येत नव्हता, बानूनं बशीत ओतून त्याच्या तोंडाला लावला. मुलगी मेहक शाळेत गेली होती. थोडा वेळ उन्हाचं, पाण्याचं बोलणं झालं. मग शाहनवाज खाली बघत म्हणाला, "आबा, तुम्हाला एका गोष्टीसाठी बोलावलंय. फोनवर सांगायची न्हवती."

"बोल."

"आग माझ्यामुळं लागली."

हरिबाच्या हातातला चमचा बशीत तसाच राहिला.

"सायलेन्सरला जाळी असती," शाहनवाज म्हणाला. "ठिणगी बाहेर पडू नये म्हणून. माझ्या गाडीची जाळी फाटली हुती. मालकाला सांगितलं हुतं, तो म्हणाला पुढच्या आठवड्यात बदलू. मी तशीच चालवली. आन् नियम असा की गाडी रस्त्यावर उभी करायची, मशीन रस्त्याकडं आणायचं. पण मशीन डिझेलवाचून बंद पडंल, मग टाकीत हवा धरती, लवकर चालू हुत न्हाई, असं मशीनवरचे म्हणाले, म्हणून मी आत घेतली. वाळल्या पाचटात. मला कळत हुतं, तरी घेतली."

"आरं..."

"ऐका आबा. पोलीस दवाखान्यात आले तवा मी हे सगळं सांगून टाकलं. मालकानं मला काढलं. केस माझ्यावर हुईल म्हणतात. होऊ द्या. पण बिरदेवभाऊंचा ऊस गेला, मशीन गेलं, तुमचं रान जळालं, तुमचे हात भाजले. झोप येत न्हाई मला. डोळं मिटलं की ती जाळीच दिसती. तुम्ही माझा जीव वाचवला, आन् मी तुमचंच नुकसान केलं. मला माफ करा."

तो दोन्ही हात जोडू बघत होता. उजवा हात पुरता जुळत नव्हता.

हरिबाला त्या वेळी 'मी' एवढा एकच शब्द बोलायचा होता. बानू दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, तिचे डोळे त्याच्या तोंडावर होते. आणि हरिबाच्या तोंडून निघालं, "जाऊ दे. झालं ते झालं. मनात ठेवू नगंस."

बानूनं पदर तोंडाला लावला आणि ती रडायला लागली. शाहनवाजनं मोठा श्वास सोडला, कितीतरी दिवस कोंडून धरलेला. म्हणाला, "लई मोठं मन हाय तुमचं, आबा."

हरिबा शिरा खाऊ शकला नाही. पोटात दुखतंय म्हणाला आणि उठला. परत येताना पुलावर बिरदेवनं विचारलं, "काय म्हणत हुता?"

"बरा हाय," हरिबा म्हणाला.

घरी आल्यावर तो ओट्यावर बसून राहिला. दिवस मावळायला आला होता. गिताबाई शेण काढून आली, हात धुतले, आणि त्या महिन्यात पहिल्यांदा त्याच्यासमोर येऊन बसली.

"काय सांगितलं त्याला?"

हरिबानं झालं ते सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. शेवटचं वाक्यही सांगितलं.

गिताबाईनं ओले हात पदराला पुसले. मग म्हणाली, "म्हंजी तुम्ही त्याला माफ करून आलात."

हरिबा तिच्याकडं बघू शकला नाही.

"मला वाटलं, तुम्ही भ्याला हायसा, भीती गेली की बोलाल. म्हणून मी गप बसले. पण आता त्याला खोटं पटवून आलात. तो जल्मभर तेच धरून बसंल." ती उठली. "माझ्याच्यानं आता गप बसवत न्हाई. तुम्ही न्हाई गेलात तर मी जाईन."

सकाळी हरिबानं बिरदेवला काही सांगितलं नाही. माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये बसून तो पारगावला उतरला आणि तिथून दुसरी जीप धरून राहूला गेला. दार बानूनंच उघडलं. तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसला, आणि तोच त्याला सगळ्यात अवघड गेला.

"परत आलात आबा? बसा."

"बसत न्हाई. आधी बोलतो."

शाहनवाज कॉटवरून बघत होता. हरिबा उभ्यानंच म्हणाला, "काल तू माफी मागितलीस. ती माझी मागायची हुती. तुझ्या गाडीनं आग लागली न्हाई. पाचट मी पेटवलं. माझ्या रानातलं. वारा फिरला आन् जाळ तिकडं गेला."

बानूनं उघडं दार लोटून घेतलं. मग शाहनवाजनं विचारलं, "गाडी आत आलेली ठाऊक हुतं तुम्हाला?"

याच प्रश्नाला हरिबा महिनाभर भीत होता. दुसरं काहीही उत्तर देता आलं असतं आणि ते कुणाला खोटं ठरवता आलं नसतं.

"ठाऊक हुतं," तो म्हणाला. "तू सिलिंडर खाली ठेवलास तेबी बघितलं. वारा नदीकडं हाय म्हणून काडी लावली."

"आन् घोंगडी टाकली तवा?"

"तवा बी मला माहीत हुतं, मीच लावलंय."

शाहनवाज आपल्या उजव्या हाताकडं बघत राहिला. "महिनाभर," तो हळू म्हणाला. "महिनाभर मी माझ्या पोरीला सांगत हुतो, बेटा, अब्बाच्या चुकीनं झालं. आन् काल तुम्ही म्हणालात, मनात ठेवू नगंस."

"व्हय."

"ते कसं म्हणवलं तुम्हाला, आबा?"

"घरी मंडळींनीबी काल हेच सुनावलं," हरिबा म्हणाला. बानू दाराशी उभी होती. ती पुढं आली. रडत नव्हती.

"काल मी तुमच्या पाया पडले," ती म्हणाली. "आता जावा तुम्ही."

"बानू," शाहनवाज म्हणाला.

"न्हाई. जाऊ द्या त्यांना."

हरिबा दाराकडं वळला. मागून शाहनवाजचा आवाज आला. त्यात राग होता, पण तो ओरडला नाही. "इथं सांगून मोकळं हुता येणार न्हाई. चौकीत जाऊन सांगा. मी तिथं माझ्या तोंडानं माझंच नाव घेतलंय."

हरिबा त्याच पावली मांडवगणला आला आणि घरी न जाता चौकीत गेला. हवालदाराला आधी समजेचना की म्हातारा काय म्हणतोय. समजल्यावर त्यानं पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "आबा, कुणी दाब टाकलाय का तुमच्यावर?" हरिबा म्हणाला, "न्हाई. लिहा तुम्ही."

पुढचं सगळं सावकाश झालं. शिरूरला कोर्टात तारखा सुरू झाल्या. बिरदेव ज्या दिवशी कळलं त्या दिवशी ओट्यासमोर येऊन उभा राहिला, एवढंच म्हणाला की, "मी त्या माणसाला गावभर शिव्या घालत फिरलो, आबा, आन् तुम्ही शेजारी बसून ऐकत हुता." मग निघून गेला. त्यानंतर दोन्ही रानांमधल्या बांधावर तो समोरून आला तरी मान वळवायचा. पारावर आता कुणी उठून जागा देत नसे. कुणी काही बोलतही नसे. बोलणं चालू असायचं ते हरिबा आला की थांबायचं.

पहिल्या तारखेला वकिलानं हरिबाला समजावलं. आग कुठून लागली हे छातीठोक सांगता येत नाही असं म्हणा, गाडीची जाळी फाटलेली होतीच, नियम मोडून गाडी आत आणली हेही त्यानंच कबूल केलंय, संशयाचा फायदा मिळेल. हरिबा ऐकून घेत होता. कोर्टाच्या व्हरांड्यात पलीकडच्या बाकावर शाहनवाज बसला होता, साक्षीला बोलावलेला, काठी मांडीवर आडवी ठेवून. त्यानं एकदाही इकडं पाहिलं नाही.

"संशय कसला त्याच्यात," हरिबा वकिलाला म्हणाला. "काडी माझ्या हातात हुती."

नियम मोडून गाडी आत नेल्याची शाहनवाजवरची केस मागं घेतली गेली नाही, पण मालकानं त्याला परत बोलावलं. गाडी चालवायला नाही. हाताची मूठ मिटत नव्हती. पंपावर बाउजर भरून बाहेर पडायच्या आधी प्रत्येक गाडी तपासायचं काम त्याला दिलं. हे हरिबाला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. फोन करावा असं त्याला वाटलं, पण केला नाही.

पावसाळा संपता संपता एकदा तो केडगावच्या बाजारात बी घ्यायला गेला होता. भाजीच्या रांगेत समोर बानू होती, हातात पिशवी, शेजारी शाळेच्या गणवेशातली मुलगी. हरिबा थबकला. माणसांच्या गर्दीत मागं वळून जाता आलं असतं. पण तिनं पाहिलं होतं.

तो तिथंच उभा राहिला. ती काही बोलेल अशी त्याची अपेक्षा नव्हती. बानूनं भाजीवाल्याकडून मेथीची जुडी घेतली, पिशवीत टाकली, मुलीचा हात धरला. मग त्याच्याजवळून जाताना थांबली.

"डॉक्टर म्हणतात, अजून एक ऑपरेशन करावं लागंल हाताचं," ती म्हणाली. "रात्री झोपतात आता."

"बरं," हरिबा म्हणाला.

"तुमच्या मंडळींना सांगा."

"सांगतो."

ती पुढं गेली. मुलगी मागं वळून त्याच्याकडं बघत होती. तो कोण हे तिला माहीत नसावं, किंवा असेलही. हरिबा बी न घेताच स्टँडकडं चालायला लागला. मग अर्ध्या वाटेत त्याला आठवलं आणि तो परत फिरला.